सेकंडचा माल

दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. फुकट काढणारे गावात पुष्कळ आहेत. मी मात्र सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात गेली सव्वीस वर्षं हेच काम पीएफ कापून घेऊन करतो आहे.

हुद्दा चेकरचा. ट्यूबलाइटखाली पांढऱ्या सनमायक्याचं लांब टेबल, टेबलावर टॉवेलांची थप्पी आणि उजव्या हाताशी लाल बाणांच्या स्टिकरचं रीळ. टॉवेल पसरायचा, त्यावरून तळवा फिरवायचा, उलटा करायचा, पुन्हा तळवा फिरवायचा. कुठं ताण्याचा धागा तुटलेला असतो, कुठं लूप ओढला जाऊन मांजराच्या मिशीसारखा बाहेर आलेला असतो, कुठं मागाच्या तेलाचा डाग, तर कुठं शिलाईवाल्या बाईचं मन कुंभारीच्या घरकुलात ठेवून आलेल्या लेकराकडं गेलं म्हणून काठ वाकडा झालेला. कारण काही का असेना, तिथं एक बाण. बाण लागला की टॉवेल 'सेकंड'. फर्स्टचा माल खोक्यात बसून परदेशी जातो, सेकंडचा किलोवर विकला जातो. माझ्या बाणाला अपील नाही. शेटसुद्धा त्यात पडत नाहीत.

अडचण एवढीच, की या डोळ्यांना बटण नाही. रविवारी सकाळी ते घरी ठेवून जावं म्हटलं तर जमत नाही.

आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. १८१३ साली मुंबईत उतरलेलं अमेरिकन मराठी मिशन नगरमार्गे पुढं सोलापुरापर्यंत आलं, त्यात कधीतरी आमचे पणजोबा सापडले. तेव्हापासून चर्च आणि आमचं घर यांचा संबंध सुटलेला नाही. चर्चमध्ये आमची जागा ठरलेली आहे: डावीकडून तिसरा बाक, पंख्याखाली. नवं कोणी चुकून तिथं बसलं तर आम्ही अक्षर बोलत नाही. फक्त त्यांच्याशेजारी उभे राहतो.

बसलो की चेकिंग सुरू. गायनमंडळातल्या दुसऱ्या ओळीतला एक आवाज अर्धा स्वर खाली: बाण. सेक्रेटरींनी सूचना वाचताना 'प्रीतिभोजना'चं 'प्रीतीभोजण' केलं: बाण. पुढच्या बाकावरचे गृहस्थ दानपिशवीत हात अशा बेतानं घालतात की नोट दहाची की शंभरची ते दिसू नये, म्हणजे दहाचीच: बाण. पाळकसाहेबांचा संदेश वीस मिनिटांचा ठरलेला असताना अडतिसाव्या मिनिटाला 'शेवटचा मुद्दा' असं म्हणून पुढं तीन मुद्दे घेतात: त्यांना एक मोठा बाण. आशीर्वाद होईपर्यंत माझं अर्धं रीळ संपलेलं असतं. बाहेर आल्यावर सौ. विचारतात, "आजचा संदेश कशावर होता?" मला वेळ सांगता येते, विषय नाही.

मोठ्या पापांच्या बाबतीत मात्र आमच्या लोकांचा हात कोणी धरणार नाही. विड्यांच्या गावात राहून आम्ही विडी ओढत नाही. दारू नाही, मटका नाही. दहा आज्ञांची यादी पुढ्यात ठेवली तर खून, व्यभिचार, चोरी यांवर मी झरझर बरोबरच्या खुणा करत जातो आणि मनातल्या मनात फर्स्टचा शिक्का मारतो. आता यातलं श्रेय माझं किती आणि परिस्थितीचं किती, हे कोणी विचारत नाही म्हणून बरं. खुनाला वेळ लागतो, व्यभिचाराला पैसा लागतो आणि जुगाराला दोन्ही. चेकरच्या पगारात आणि बारा तासांच्या शिफ्टमध्ये माणूस सदाचारीच राहतो.

राहिली बारीकसारीक पापं. त्यांची सोय उपासनेतच केलेली आहे. आमच्या कारखान्यात वसईकडचा एक कॅथलिक इंजिनिअर काही वर्षं होता. त्याला फादरपुढं गुडघे टेकून एकेक पाप नावानिशी सांगावं लागायचं. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात त्याचा चेहरा इन्कम टॅक्सची नोटीस आलेल्या माणसासारखा व्हायचा. तो किरकोळीचा धंदा. आम्ही प्रॉटेस्टंट घाऊकवाले. पापाची कबुली सगळी मंडळी मिळून, उभं राहून, छापील मजकुरावरून एका सुरात देते आणि एका मिनिटात मोकळी होते. मला चष्मा सापडेपर्यंत क्षमा जाहीर झालेली असते. शिवाय त्या मजकुरात 'मी' नाही, 'आम्ही' आहे. आम्ही पाप केलं आहे, असं म्हणताना माझ्या डोळ्यांपुढं शेजारच्या बाकावरची माणसं येतात आणि कबुली अगदी मनापासून दिली जाते.

आता बुधवारच्या घरगुती प्रार्थनेचं सांगतो. दर आठवड्याला कोणाच्या तरी घरी जमायचं, एक-दोन गीतं, थोडं शास्त्रवाचन आणि मग 'प्रार्थनेचे विषय'. आमच्यात चहाडी नाही. चुगली नाही. गावगप्पा तर मुळीच नाहीत. आमच्यात फक्त प्रार्थनेचे विषय असतात.

आमच्या एका मावशी या खात्याच्या प्रमुख आहेत. मागं एकदा त्या पदर सावरून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक विषय आहे. नाव घेत नाही. पण आपल्यातल्याच एका कुटुंबासाठी भार वाहायचाय."

खोलीतले पंधराही जण पुढं सरकले.

"पोरगी पुण्याला आहे. आयटीत. एवढंच सांगते."

आयटीत पुण्याला आमच्या मंडळीतल्या चार पोरी. शोध चौघींवर आला.

"धाकटी आहे," मावशींनी मदत केली. दोघी उरल्या.

"वडिलांचं बायपास झालंय, त्यांना तर कळूच द्यायचं नाही."

एकच उरली. सगळे मागं सरकून बसले. मावशी म्हणाल्या, "नाव प्रभूला माहीत आहे." प्रभूला ते आधीपासून होतं, ते दीड मिनिटात पंधरा जणांना झालं, हाच काय तो फरक. मग माझ्यासारख्या तपशिलाच्या माणसानं विचारलं, "म्हणजे नेमकं काय झालंय, मावशी? विषय नीट कळल्याशिवाय प्रार्थना करायची कशी?" यावर सर्वांनी माना डोलावल्या. विषय पाऊण तास कळत राहिला. टॉवेलचा एक लूप ओढा, त्याच धाग्यावरचे पुढचे लूप आपोआप सपाट होत जातात. तसं पोरीपासून निघालेलं बोलणं तिच्या आत्याच्या लग्नापर्यंत गेलं. ते लग्न १९८७ सालचं.

प्रत्यक्ष प्रार्थनेला चार मिनिटं लागली. त्यातही एका काकांनी डोळे मिटून देवाला उरलेली माहिती पुरवली: "हे प्रभू, तू जाणतोस, तो मुलगा आपल्यातला नाही. तू हेही जाणतोस, की त्याचा एक घटस्फोट झालेला आहे." आम्ही हे जाणत नव्हतो. मिटलेल्या डोळ्यांच्या पापण्या खोलीभर थरथरल्या. मग आमेन, मग पोहे.

त्या रात्री घरी येऊन मी सौ.ना सगळं सांगितलं. त्या आल्या नव्हत्या, आणि प्रार्थनेला एक माणूस कमी पडायला नको.

याच्या उलटही एक प्रकार आहे, आणि तो लिहिताना मला खरोखर अवघड जातंय. आमच्या लूमखात्यात एक जॉबर अण्णा आहेत. माग कुठलाही अडला की तीन मिनिटांत चालू करणारा माणूस. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, मागाशी बोलताना दोन्ही. एकदा त्यांची बायको दवाखान्यात होती. मागांच्या खटखटाटात माझ्या कानाशी तोंड आणून ते ओरडले, "मार्कंडेयाला बोललोय, सिद्धेश्वराला नारळ ठेवलाय, दर्ग्यात बी जाऊन आलोय. तुमच्या येशूला तेवढं सांगा की!"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून ओरडलो, "सांगतो, अण्णा! रोज सांगतो!"

आणि विसरलो. वाईट बुद्धीनं नव्हे. त्या आठवड्यात एका कंटेनरचं डिस्पॅच होतं. 'तुमच्यासाठी प्रार्थना करतो' हे वाक्य आमच्या तोंडात इतकं बसलंय की ते म्हणून झालं की प्रार्थना झाल्यासारखंच वाटतं. व्हॉट्सॲपवर तर दोन जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं की तेवढंही म्हणावं लागत नाही.

तीन आठवड्यांनी अण्णा पेढ्यांचा पुडा घेऊन टेबलाशी आले. बायको घरी आली होती. "तुमची प्रार्थना लागू पडली बगा," म्हणाले. तीन ठिकाणी ते स्वतः जाऊन सांगून आले होते. चौथीकडचा निरोप माझ्या खिशात तसाच होता. मी पेढा खाल्ला. आग्रह केला म्हणून दुसराही खाल्ला. त्या रात्री प्रार्थना केली, मागच्या तारखेची.

शेट असं करताना दिसले असते, माल न बघता फर्स्टचा शिक्का, तर मी कारखान्यात तोंड उघडलं असतं.

जुन्या काळचे ख्रिस्ती लोक या बाबतीत भलतेच चिकट होते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इवाग्रियस नावाचा एक साधू राहत होता. त्यानं माणसाला छळणाऱ्या आठ दुष्ट विचारांची यादी केली. पुढं सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीनं ती सातांवर आणली आणि तीच जगभर 'सात महापातकं' म्हणून चालली. पण इवाग्रियसची मूळ यादी माझ्या मनात घर करून बसली ती दोन कारणांनी. एक, तिच्यात पहिल्या नंबरावर खून नाही, खादाडपणा आहे. आमच्या चर्चच्या प्रीतिभोजनाला मटणाच्या पातेल्याशी उभं राहून 'रस्सा नको, फोडी घाला' असं म्हणताना मी हे कोणालाही सांगत नाही. या पापावर इतक्या वर्षांत एकही संदेश ऐकल्याचं मला आठवत नाही. पाळकसाहेब रांगेत माझ्या पुढंच असतात.

दुसरं कारण म्हणजे दुपारचं भूत. इवाग्रियस म्हणतो, सकाळी दहाच्या सुमारास एक भूत साधूच्या खोलीत शिरतं ते दुपारी दोनपर्यंत हलत नाही. त्याच्यामुळं सूर्य जागचा सरकत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा होतो, साधू सारखा खिडकीबाहेर बघतो आणि कोणी भेटायला येतंय का याची वाट पाहतो. सगळ्या भुतांत हे त्याला सर्वांत जड वाटलं. मी हे वाचलं तेव्हा मे महिना होता, पारा चव्वेचाळीसला टेकला होता, वर पत्रा, डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी पोटात उतरलेली. त्या साधूनं सोलापूर न बघता लिहिलंय यावर माझा विश्वास बसेना. फरक इतकाच, की त्याच्या लेखी ते पाप होतं आणि आमच्याकडं त्याला 'जेवणानंतरचं जरा' म्हणतात. त्या 'जरा'त टेबलावरून दीडशे टॉवेल नुसते सरकून जातात.

ऑगस्टिनचंही तसंच. सोळा वर्षांचा असताना पोरांबरोबर दुसऱ्याच्या झाडाची नासपती चोरली, खाल्ली थोडी, बाकी डुकरांना टाकली. गावात रोज घडणारी गोष्ट. आमच्याकडं डाळिंबाच्या बागेत घडते. पण हा माणूस चाळिशी उलटल्यावर, बिशप झाल्यावर, त्या नासपतींवर पानंच्या पानं लिहितो. मी विचार केला, आपल्या खात्यावर असलं काही आहे का? नव्हतं. मग नाताळची गव्हाणी माळ्यावरून काढली. बाळ येशूखालचं पिवळंधमक गवत म्हणजे कारखान्यातल्या कोनांवर उरलेलं सूत. चांदणी बांधलीय ती दोरी कारखान्यातली. मेंढरांच्या पाठीवरची लोकर म्हणजे छाटलेले लूप. मेंढपाळांच्या अंगावर तर चक्क सेकंडचे नॅपकिन. वायाच जाणारा माल, शेटांकडं मागितला असता तर हसत दिला असता. तेवढं मागायचं राहून गेलं, अकरा वर्षं.

आपल्या मराठीत स्वतःच्या घरातल्या अशा गोष्टी मोकळेपणानं, वर हसून लिहिणारी बाई होऊन गेली ती लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुस्तकरूपानं यायला लागलं. नवरा रेव्हरंड टिळकांसारखा कवी, मंडळीत देवमाणूस म्हणून मान असलेला. पण त्यांचा संताप तिनं झाकला नाही आणि स्वतःचा हट्ट तर त्याहून नाही. आमच्या मंडळीतल्या पुष्कळ घरांत ते पुस्तक आहे. काचेच्या कपाटात आहे.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ, ही म्हण तर सगळ्या महाराष्ट्राची. येशूनं डोंगरावर नेमका हाच दृष्टांत दिला आणि मराठी बायबलात तो याच दोन शब्दांत उतरला. माझ्या बाबतीत कुसळाचा अर्थ लावावा लागत नाही. टॉवेल कारखान्यात हवेत सुताचं तूस असतं, ते दिवसातून दोनदा डोळ्यात जातंच. मुसळाची मात्र आठवण यायचं कारण नव्हतं, कारण घरी मिक्सर. पण १६११ सालच्या इंग्रजी बायबलात मुसळाच्या जागी शब्द आहे 'बीम', आणि बीम म्हणजे आमच्याकडं मागाच्या मागच्या बाजूला ताणा गुंडाळून बसवलेला लोखंडी रूळ. भरलेला असला की चार माणसांनाही हलत नाही. टॉवेलच्या मागाला असे बीम दोन लागतात. एकावर टॉवेलची जमीन विणणारा ताणा, दुसऱ्यावर लूपांचा. माणसाला डोळेही दोनच.

हे इतकं कळूनही मागच्या उपवासकाळात व्हायचं ते झालंच.

आमच्या मंडळीत पाय धुण्याची उपासना नव्हती. नवे पाळकसाहेब तरुण, उत्साही. त्यांनी पंचांच्या बैठकीत सांगितलं, की उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी बारा खुर्च्या मांडू, बारा जण बसतील, मी त्यांचे पाय धुईन. त्या रात्री येशूनं शिष्यांचे पाय धुऊन पुसले, तसंच. पंचांनी घंगाळ, तांब्या, खुर्च्या वाटून घेतल्या. "आणि टॉवेल?" पाळकसाहेबांनी विचारलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

मी जरा घसा साफ केला. म्हटलं, मराठी बायबलात तिथं रुमाल आहे, पण टॉवेलच हवा. टॉवेलचं आणि ख्रिस्ती माणसांचं नातंच आहे. तुर्कस्तानात हातमागावर विणलेला लूपांचा टॉवेल हेन्री क्रिस्टी नावाच्या एका इंग्रजानं बघितला, नमुना घरी नेला, त्यावरून मँचेस्टरकडं यंत्रावर टॉवेल निघायला लागला आणि १८५१ सालच्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडला गेला. म्हणून आपण टर्किश टॉवेल म्हणतो. आणि हा क्रिस्टी क्वेकर घराण्यातला, साधा, भाविक. पंच ऐकत राहिले. या भरात मी म्हणालो, "बारा टॉवेलांची सेवा माझ्याकडं. नवे देतो."

रविवारच्या सूचनांत ते वाचलंही गेलं. 'आपल्या बंधूंनी बारा नवे टॉवेल अर्पण केले आहेत, प्रभू त्यांच्या देणगीला आशीर्वादित करो.' देणगी अजून कारखान्यातच होती. माना वळल्या, मी खाली बघितलं. खाली बघायची एक पद्धत असते, ती मला चांगली जमते. कापणीच्या सणाच्या लिलावात एका पंचांच्या नाकावर टिच्चून मी साडेअकराशे रुपयांना भोपळा घेतला होता, तेव्हाही असंच खाली बघितलं होतं. तो भोपळा आम्ही नऊ दिवस खाल्ला.

बुधवारी दुपारी, म्हणजे त्या भुताच्या वेळेला, मी कारखान्यात फर्स्टच्या थप्पीपुढं उभा राहिलो. कामगारांना सवलतीत मिळतात, तरी बारा टॉवेलांचा आकडा डोळ्यात भरला. शेजारी सेकंडची थप्पी. मी स्वतःशी म्हटलं, पाय तर पुसायचे आहेत. एकदाच. अंधार पडल्यावर. जुन्या कराराच्या शेवटी मलाखी संदेष्ट्याचं चार अध्यायांचं पुस्तक आहे. लंगडी, आंधळी जनावरं देवाच्या वेदीवर आणता, तीच तुमच्या सुभेदाराला देऊन बघा, तो खूश होईल का, अशी त्यात लोकांची हजेरी घेतलेली आहे. शब्बाथशाळेत हा अध्याय तोंडपाठ म्हणून मला कंपासपेटी मिळाली होती. ती आठवण मी त्या वेळेपुरती बाजूला ठेवली.

बारा टॉवेल किलोवर घेतले. रात्री घरी नखानं बाण काढले. मग घड्या घातल्या. घडी ही आमच्या धंद्यातली कला आहे. डाग कुठंही असो, तो आत जातो. वर सुतळी नको म्हणून सौ.ची सॅटिनची रिबीन बांधली. थप्पी इतकी देखणी झाली, की रीतसर चेकिंगला आली असती तर मीच फसलो असतो.

गुरुवारी संध्याकाळी चर्च भरलं. बारा खुर्च्या अर्धवर्तुळात. अकरा भरल्या, बारावीवर कोणी बसेना. आमच्या लोकांचं बायबल पक्कं. बारावा कोण ते सगळ्यांना माहीत. पंचांपैकी दोघं उठून पुन्हा खुर्च्या मोजून बसले. (यहूदाचेही पाय त्या रात्री धुतले गेले होते, हे योहानाचं शुभवर्तमान नीट वाचलं तर कळतं. पण खुर्ची ती खुर्ची.) मी अकरांत होतो, डावीकडून तिसरा, पंख्याखाली. आणि बसल्यावर लक्षात आलं, की अकराच्या अकरा जण पाय घासून आलो होतो. दगडानं टाचा घासलेल्या, नखं कापलेली, दोघांनी पावडर लावलेली. पाळकसाहेबांना धुवायला काही शिल्लक ठेवलेलं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दारानं एक पोरगा आला. वीसेक वर्षांचा, एमआयडीसीतल्या एका डाईंगमध्ये कामाला, शिफ्ट सुटली तसा आलेला. बसायला जागा शोधत होता. सेक्रेटरींनी त्याला हातानं धरून बाराव्या खुर्चीवर बसवलं. कोणी मोजत नव्हतं, आता सगळे प्रार्थनेत होते.

पाळकसाहेब एकेकापुढं गुडघे टेकत आले. तांब्यातलं पाणी आमच्या पायांवरून निर्मळ गेलं आणि निर्मळ घंगाळात पडलं. टॉवेल उलगडले जात होते, माझे डोळे त्यांच्यावर. दुसऱ्यावर तेलाचा डाग, खालच्या बाजूला, निभावलं. पाचव्याचा काठ. आठव्याला मिशी. कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग बारावा. त्याचे पाय घोट्यापर्यंत निळे होते. पाळकसाहेबांनी पाणी ओतलं आणि घंगाळ निळं झालं. पुन्हा ओतलं, पुन्हा निळं. ते हातानं चोळायला लागले. चर्चमध्ये पहिल्यांदाच पाय धुतल्याचा आवाज आला. शेवटचा टॉवेल उलगडला, त्याच्या पावलाखाली धरला, आणि मधोमध एक लाल बाण.

एक राहिला होता.

पुढच्या बाकावरून आमच्या त्या मावशींचा आवाज आला. हळू बोलणं त्यांना फक्त बुधवारी जमतं. "हा बाण कसला गं?"

डाईंगच्या पोराला बाण म्हणजे काय हे सांगायला नको. त्यानं बाणाकडं बघितलं, बाणाच्या टोकाला असलेल्या तुटक्या धाग्याकडं बघितलं, मग अर्धवर्तुळात नजर फिरवून माझ्याकडं बघितलं. मग मावशींना म्हणाला, "टॉवेल कुठनं धरायचा त्याची खूण हाय ती, मावशी. एक्सपोर्टच्या मालाला असतीय."

"अगंबाई," मावशी म्हणाल्या. पाळकसाहेबांनी टॉवेल बाणाशी धरला आणि त्याचे पाय पुसले. निळं काही पूर्ण निघालं नाही.

बाहेर चपला घालताना मी त्याच्याजवळ गेलो. काय बोलणार होतो ते ठरलेलं नव्हतं. तोच म्हणाला, "काका, तेलाचे डाग निघतेत. आमच्याकडं केमिकल हाय. पिशवीत घालून द्या, धुऊन आणतो." त्याच्या उजव्या अंगठ्याला तो बाण चिकटलेला होता. त्यानं तो पॅन्टला पुसला आणि सायकल काढली.

टॉवेल मी अजून त्याच्याकडं दिलेले नाहीत. चर्चच्या कपाटात खालच्या फळीवर आहेत, रिबीन सोडून. दानाच्या वहीत माझ्या नावापुढं 'टॉवेल, नग १२, नवे' अशी नोंद आहे. वही सेक्रेटरींकडं असते. पंचांपैकी कोणी हे वाचत असतील, तर शेवटचा शब्द त्यांनी खुशाल खोडावा. मी स्वतः अजून विषय काढलेला नाही.